पेठेत एक खोली रिकामी आहे

माझं पातेलं चपलांच्या रॅकवर ठेवलेलं होतं.

दाराबाहेर. सहाव्या मजल्यावर, जिथे सगळे आपापले ओले बूट काढतात तिथे. एका बाजूला कुणाचे तरी चिखलाने माखलेले स्पोर्ट्स शूज, दुसऱ्या बाजूला बाथरूमच्या स्लिपर. मधे माझं स्टीलचं पातेलं. मी झाकण उचललं. आदल्या संध्याकाळची आमटी तशीच होती. वर तेलाचा थर गोठला होता. आम्ही सगळे जेवलो तेव्हा होती तेवढीच. कुणी एक चमचासुद्धा नंतर घेतला नव्हता.

दार बंद होतं. आतून मिक्सरचा आवाज येत होता. कुणीतरी हसलं. मी बेलवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. बेल वाजवून काय विचारणार होते? भांडं बुटांत का ठेवलं, असं? ते म्हणाले असते, अगं जागा नव्हती.

फोनवर अनघदादाचा मेसेज होता. "तुझं भांडं बाहेर ठेवलंय. निवांत घेऊन जा, घाई नाही." त्याखाली केतकीचा. "सॉरी गं. क्लिक नाही झालं म्हणाले."

क्लिक नाही झालं.

हे कळायला इथली पद्धत सांगायला हवी. नेदरलँड्समधल्या आमच्या विद्यापीठाचं कॅम्पस म्हणजे एक गावच आहे. टॉवर, बैठ्या इमारती, कंटेनरच्या खोल्या, मधून कालवा, सगळीकडे सायकली. पण खोली मिळणं हे खोलीच्या मालकाच्या हातात नसतं. एका कॉरिडॉरमध्ये सात-आठ खोल्या आणि एक सामायिक स्वयंपाकघर. खोली रिकामी झाली की तिथे राहणारेच नवा माणूस निवडतात. संध्याकाळी बोलावतात, सोफ्यावर बसवतात, प्रश्न विचारतात. याला हॉस्पी म्हणतात. मग तुम्ही निघून जायचं आणि त्यांनी आपसात मत द्यायचं. एकाने जरी नको म्हटलं तरी नको. कारण सांगावं लागत नाही. क्लिक झालं नाही, एवढं पुरतं.

आमच्याकडे मुलगी बघायला येतात ना, अगदी तसंच. फक्त इथे पोहे मुलीनेच करून न्यायचे.

डच मुलांच्या कॉरिडॉरच्या जाहिरातीत बहुतेक वेळा खाली एक ओळ असते. इंटरनॅशनल नकोत. उघड लिहितात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला, नंतर सवय झाली. निदान जिने चढायला तरी लावत नाहीत. आणि मला चिंता नव्हती, कारण आमची पेठ होती.

टॉवरच्या सहाव्या मजल्यावरच्या मराठी कॉरिडॉरला सगळे पेठ म्हणत. गमतीने पडलेलं नाव. तिथे एकजण गेला की आपल्या ओळखीचा दुसरा आणायचा, असं करत करत अख्खा कॉरिडॉर मराठी झालेला. स्वयंपाकघरात गणपती बसायचा. दिवाळीला फराळ व्हायचा. रविवारी साबुदाण्याची खिचडी. अनघदादा तिथला सगळ्यात जुना. पीएचडी करायचा. नवीन आलेल्यांना गेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव कसं नोंदवायचं, सेकंडहँड सायकल कुठे घ्यायची, सगळं तोच सांगायचा. मलाही त्यानेच सांगितलं होतं. विमानतळावर आम्हा नव्या मुलांना घ्यायला आला होता तेव्हा माझी बॅग त्याने उचलली होती. हे मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त लागलं.

मी परभणीकडची. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. वडील लोकांच्या बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचे. मी इंजिनिअर झाले, मग पाण्याच्या अभ्यासासाठी इथे आले. सरकारची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. वडील सगळ्यांना सांगत फिरले, लेक समुद्राच्या खाली असलेल्या देशात चालली, तिथलं पाणी अडवायला. माझं हसून हसून पोट दुखलं होतं.

केतकी मला विमानात भेटली. पुण्याची. शेजारच्या सीटवर. विमान हललं की माझा हात धरायची. उतरेपर्यंत आमची मैत्री झाली. दोघींना कंटेनरच्या तात्पुरत्या खोल्या मिळाल्या, भिंतीला भिंत लागून. ऑक्टोबरात ती तापाने फणफणली. इथला डॉक्टर पॅरासिटामॉलशिवाय काही देत नाही. मी तिला मऊ भात करून भरवला, रात्री तिच्याच पलंगावर झोपले. माझा लाल स्वेटर तिच्याकडेच असायचा. एकदा कालव्याच्या कडेला बसून मी तिला माझं सगळं सांगितलं. आमची वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला आहे, घराच्या भिंतीवर निळ्या कोटातली कुणाची तसबीर आहे, सगळं. ती म्हणाली, "मला काय फरक पडतो? वेडी आहेस का तू?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आयुष्यात कुणा सवर्ण मुलीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवण्याची ती पहिली वेळ.

तिला पेठेत खोली मिळाली. एका महिन्याने तिच्याच शेजारची खोली रिकामी झाली. माझ्या कंटेनरचा करार नोव्हेंबरअखेर संपत होता. पुढे पत्ता नव्हता. पत्ता नसला की या देशात तुम्ही काहीच नसता. केतकी उड्या मारत आली. "परत भिंतीला भिंत! मी बोलते सगळ्यांशी."

पेठेची एक रीत होती. येणाऱ्याने आपल्या घरचा एक पदार्थ त्यांच्या स्वयंपाकघरात करून सगळ्यांना जेवू घालायचा. मी येसराची आमटी करायची ठरवली. आईने डाळी, धान्य, मसाले भाजून दळलेला येसर बॅगेत बांधून दिला होता. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला असते ही आमटी. पातेलंही आईचंच नेलं.

जिन्यात केतकी मला म्हणाली, "ऐक ना. स्कॉलरशिपचं विचारलं तर उगाच डिटेलमध्ये जाऊ नकोस. लोन आहे म्हण."

मी हसले. मला वाटलं, घाबरलीय माझ्यासाठी.

आमटी जमली. खरंच जमली. वास कॉरिडॉरभर पसरला, तशी आपापल्या खोल्यांतून सगळे बाहेर आले. अनघदादाने वाटी तोंडाला लावून भुरका मारला. मृण्मयी नावाची मुंबईची मुलगी होती, ती म्हणाली, "बास, हिला घ्या. मला रोज हेच पाहिजे." सगळे हसले. मी वाढत होते. माझे कान गरम झाले होते आनंदाने. परदेशात येऊन पहिल्यांदा मला घरात असल्यासारखं वाटत होतं.

मग गप्पा. कुठल्या गावची. आडनाव कुठून आलं. आडनाव आमचं गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. घरी कुलदैवत कुठलं. मी म्हटलं, आम्ही असं काही करत नाही. "अरे वा, प्रोग्रेसिव्ह," अनघदादा म्हणाला. आणि अगदी सहज, भात कालवता कालवता विचारलं, "लोन कुठल्या बँकेचं घेतलंस?"

इथे प्रत्येकाच्या डोक्यावर लोन असतं. हवापाण्याच्या गप्पांसारखं सगळे त्यावर बोलतात. मी केतकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती. मी लोन म्हणायला तोंड उघडलं. आणि मला माझे वडील दिसले, पेढ्यांचा पुडा घेऊन उन्हात फिरणारे. माझ्या तोंडातून निघालं, "लोन नाही. स्कॉलरशिप आहे."

"कुठली?"

"समाजकल्याणची."

असं काही झालंच नाही की ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. कुणी उठलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मृण्मयीने दुसऱ्यांदा पुढे केलेली वाटी ताटात ठेवली. म्हणाली, "पोट भरलं." एकजण फोन बघायला लागला. अनघदादा म्हणाला, "छान आहे. सरकार करतं हे चांगलं आहे." आणि हात धुवायला उठला. त्याच्या ताटात कालवलेला भात तसाच होता.

मला कळलं. असल्या गोष्टी आम्हाला लगेच कळतात. पण मी स्वतःला समजावत राहिले. नसेल तसं. खरंच पोट भरलं असेल. निघताना केतकी म्हणाली, "पातेलं राहू दे, उद्या आम्ही संपवू." मी तेवढ्यावर रात्र काढली.

आणि सकाळी ते बुटांत होतं.

पातेलं सायकलच्या पुढच्या क्रेटमध्ये ठेवून मी कंटेनरवर आणलं. वारा समोरून होता. आमटी हिंदकळून अर्धी क्रेटमध्ये सांडली. खोलीत येऊन मी उरलेली गरम केली आणि खायला बसले. एकटी. खाता खाता मला एकदम एक जुना दिवस आठवला.

मी तिसरीत होते. आईला शाळेत खिचडीचं काम लागून थोडेच दिवस झाले होते. त्या दुपारी आई खिचडीचं मोठं भगुणं डोक्यावर घेऊन घरी आली. भरलेलं. पोरांच्या आईबापांनी शाळेत येऊन सांगितलं होतं, हिच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत. गुरुजी आईला म्हणाले होते, आज घेऊन जा, उद्याचं उद्या बघू. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही भावंडं भगुण्याभोवती बसलो. शेजारची पोरं बोलावली. पोट फुटेस्तोवर खाल्लं. मी आईला म्हटलं, "माय, उद्या पण आण की." आई म्हणाली, "खा लेकी." आणि चुलीकडे तोंड करून बसली.

मला त्या दिवशी आनंद झाला होता. माझ्या लहानपणातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांत मी तो दिवस धरत होते. आई चुलीकडे तोंड करून का बसली, ते मला इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, पत्र्याच्या कंटेनरमध्ये आमटी खाताना कळलं. मी ओरडून रडले. बाजूच्या खोलीतल्या पोराने भिंतीवर ठोकलं, आवाज कमी कर म्हणून.

आईला मी काही सांगितलं नाही. तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आवडली का आमटी तुझ्या मैत्रिणींना?" मी म्हटलं, पातेलं चाटून पुसून खाल्लं. तिला किती बरं वाटलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. यासाठी मी त्या लोकांना माफ करणार नाही. बाकी एखाद्या गोष्टीसाठी करेन कदाचित. यासाठी नाही.

पेठेतली खोली रिकामीच राहिली. थंडीत नवीन कुणी येत नाही. आणि खोली फार दिवस रिकामी राहिली तर कॅम्पसची हाउसिंग कंपनी स्वतःच कुणाला तरी पाठवते. मग कोण येईल सांगता येत नाही. करार संपायला आठवडा उरला असताना केतकी माझ्याकडे आली. हातात केक. माझा लाल स्वेटर घालून आली होती.

"गुड न्यूज," ती म्हणाली. "ते तयार झालेत. मी खूप भांडले गं तुझ्यासाठी."

मी तिला पाणी दिलं. खोटं का बोलू, मला आनंद झाला होता. कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या.

"फक्त थोडं ॲडजस्ट करायचं. तुझी भांडी तू खोलीत ठेव. छोटा इंडक्शन आहे माझ्याकडे, तो घे. आणि गणपतीत तेवढे दिवस किचनमध्ये नको. अनघदादाची आई येते ना त्या वेळी. बाकी वर्षभर काही नाही. कुणी तुला काही बोलणार नाही, प्रॉमिस."

ती मनापासून बोलत होती. तिला वाटत होतं ती माझ्यासाठी काहीतरी मोठं घेऊन आलीय. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, "त्या दिवशी नको कोण म्हणालं?"

"ते कशाला आता?"

"तू काय म्हणालीस?"

ती केकच्या खोक्याची दोरी सोडायला लागली. दोरी सुटेना.

"मी न्यूट्रल होते गं," ती म्हणाली. "मी नवीन होते तिथे. मला पण तिथेच राहायचंय ना."

न्यूट्रल. तापात माझ्या हातचा भात खाणारी. माझ्या खांद्यावर डोकं ठेवणारी. अनघदादाने ताट सोडलं ते मी सहन केलं असतं, ते आम्हाला नवीन नाही. असली माणसं ओळखायची आणि अंतर राखून जगायचं, हे लहानपणीच शिकतो आम्ही. पण केतकी माझी होती. माझ्यात काहीतरी तुटलं, ते अजून तसंच आहे. नंतर मला खूप चांगली माणसं भेटली, पण कुणी खांद्यावर हात ठेवला की मला आधी जिन्यातलं तिचं "लोन आहे म्हण" ऐकू येतं.

मी म्हटलं, "मी येणार नाही."

"अगं मग राहशील कुठे?"

"कुठेही राहीन. पण खोलीत भांडी लपवून नाही राहणार. आणि तुझ्या भिंतीला भिंत लावून तर नाहीच."

"तू इमोशनल होतेयस."

"हो," मी म्हटलं. "स्वेटर काढ."

तिने काढला. आत पातळ कुडता होता. बाहेर पाऊस आणि गारठा. ती तशीच सायकलवर बसून गेली. मी तिला हाक मारली नाही. मारायची होती, हेही लिहून ठेवते.

हाउसिंगच्या ऑफिसात मी तक्रार घेऊन गेले. डच बाई फार सभ्य होती. शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पण तुम्ही सगळे भारतीयच ना?" मी तिला जात समजावून सांगितली. परक्या भाषेत, परक्या बाईला, स्वतःच्या तोंडाने. आम्हाला कुठे राहू देत नाहीत, काय शिवू देत नाहीत, सगळं. ती म्हणाली, वाईट आहे, पण कॉरिडॉरमधल्यांना आपला माणूस निवडायचा अधिकार आहे, त्यात आम्ही पडत नाही. शेवटी कॉफी देऊ का, विचारलं.

मी काही रात्री वर्गातल्या एका इंडोनेशियन मुलीच्या खोलीत जमिनीवर झोपले. मग रायस्वाइक या शेजारच्या गावात एका घराच्या माळ्यावर जागा मिळाली. छप्पर इतकं उतरतं की पलंगावर उठून बसता येत नाही. रोज कालव्याच्या कडेने सायकल मारत कॅम्पसला यायचं, संध्याकाळी अंधारात परत. टॉवर लांबूनच दिसतो. सहाव्या मजल्यावर पिवळा दिवा. त्या वर्षी मी तिकडे न बघता सायकल चालवायला शिकले.

ऑगस्टमध्ये मराठी मंडळाने नव्या मुलांसाठी कॅम्पसवर स्वागत ठेवलं. मीही गेले. अनघदादा माइकवर होता. पेठेतला एकजण शिक्षण संपवून नुकताच गेला होता. घर सोडून आलेली, घाबरलेली, नव्या जॅकेटमधली पोरं समोर बसली होती. एका मुलीने विचारलं, कॅम्पसवर राहायला चांगलं कुठे? अनघदादा हसून म्हणाला, "आमच्या पेठेत एक खोली रिकामी आहे. आपली माणसं, घरचं जेवण. आणखी काय पाहिजे?" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत केतकीनेही वाजवल्या.

मी उभी राहिले. माइक मागितला नाही. माझा आवाज मोठा आहे, वस्तीवरचा आहे. मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, जात सांगितली. मग पातेलं कुठे ठेवलं होतं ते सांगितलं. गणपतीत कुठे उभं राहायचं नाही ते सांगितलं. नावं घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं आवाज चिरकेल. नाही चिरकला.

कुणीतरी मागून म्हणालं, "हा विषय इथे नको, स्वागताचा कार्यक्रम आहे." अनघदादाचं तोंड पांढरं पडलं होतं. तो म्हणाला, "गैरसमज झालाय हिचा." तेवढ्यात बटाटेवडे आले आणि सगळे उठले.

केतकी बाहेर माझ्या मागे धावत आली. "हे असं सगळ्यांसमोर करायची काय गरज होती? मला एकटीला बोलायचंस."

"तुला एकटीला मी कालव्यावर सगळं सांगितलं होतं," मी म्हटलं.

मी सायकलचं कुलूप काढलं.

त्या संध्याकाळी मला मंडळाच्या ग्रुपमधून काढून टाकलं. पेठेतली खोली पुढच्याच आठवड्यात भरली. कुणी गेलं तिथे राहायला, हसत गेलं. म्हणजे मी बोलून काय झालं, असं मला विचारतात. काही झालं नाही. मला ते माहीत आहे.

तरी मी पुढच्या ऑगस्टला जाणार आहे. बोलावणार नाहीत, तरी जाणार. हॉलमध्ये घेतलं नाही तर दारात उभी राहीन. मी या देशात नोकरी करेन, घर घेईन, कुठेही राहीन, पण माझी जात दुसऱ्या कुणाला हुडकून काढू देणार नाही. ती मीच सांगणार, पहिल्या वाक्यात, चहा यायच्या आधी. ऐकून ज्याला ताटावरून उठायचं असेल त्याने उठावं. मी जेवत राहणार.